बोबडा, गेंगाणा, बद्धजिव्ह : मुख व जिव्हा यांच्या विकृतींच्या मराठी नामकरणाचा इतिहास

१

चारकोप हे नाव आज कांदिवलीच्या पश्चिमेकडील एका विस्तीर्ण वसाहतीचे नाव म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु त्याच नावाचे गावठाण व कोळीवाडा या वसाहतीहून कितीतरी जुने आहेत. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेण्यात आला, आणि म्हाडाने येथे आखून दिलेल्या भूखंडांवर कोकण, देश, खानदेश अशा निरनिराळ्या भागांशी नाते असलेली कुटुंबे घरे बांधून राहू लागली. अशा रीतीने मराठीच्या अनेक बोली एकाच परिसरात आणि एकाच शाळेच्या वर्गात येऊन मिळाल्या.

कोळी बोलीत प्रमाण मराठीतील 'ळ' च्या जागी 'ल' आणि 'ण' च्या जागी 'न' येतो. 'डोळा' हा 'डोला' होतो, 'नारळ' हा 'नारल' होतो आणि 'पाणी' हे 'पानी' होते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) या बोलीची नोंद घेतलेली आहे. हा उच्चार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असून त्यात जिभेचा कसलाही दोष नाही. मात्र ज्या मुलाची जीभ तिच्या खालच्या पडद्याने खरोखरच जखडलेली आहे, त्यालाही 'ळ' साधणे अवघड जाते व त्याच्याही तोंडून 'ल' सारखा ध्वनी निघतो. ऐकणाऱ्याच्या कानावर पडणारा परिणाम एक, पण कारणे सर्वस्वी भिन्न. पहिल्या मुलाला कोणी 'बोबडा' म्हटले तर त्याच्या मातृबोलीचा अवमान होतो. दुसऱ्या मुलाचा उच्चार कोणी 'त्यांच्याकडे असेच बोलतात' म्हणून सोडून दिला तर त्याच्या उपचाराची वेळ टळते.

मुख व जिव्हा यांच्या विकृतींना मराठी भाषकांनी कोणती नावे दिली, ती कोठून आली, आणि त्या नावांनी काय उघड केले व काय झाकले, या प्रश्नांना म्हणूनच केवळ कोशकारांच्या जिज्ञासेपुरते महत्त्व नाही. नाव हे निदानाची पहिली पायरी असते. ही पायरी चुकली, तर पुढचा मार्गही चुकतो.

२

प्राचीन वैद्यकाने मुखरोगांचे वर्गीकरण स्थानावरून केले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सात स्थानी मिळून ६५ मुखरोग सांगितले आहेत : ओठांचे ८, दंतमूलांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि सर्व मुखात पसरणारे ३. वाग्भटाने ही संख्या ७५ पर्यंत नेली. या यादीत केवळ दाह व व्रण नाहीत; ज्यांना आज रचनेतील विकृती म्हटले जाईल अशाही काही अवस्था तीत आहेत. दातांच्या ओळीत जादा दात उगवणे याला सुश्रुताने 'वर्धन' म्हटले. जिभेच्या खाली, जिभेच्या टोकासारखी दिसणारी व जिभेला वर उचलणारी सूज म्हणजे 'उपजिव्हिका'. लाळग्रंथीच्या अडथळ्यामुळे जिभेखाली होणाऱ्या पुटीशी आधुनिक अभ्यासक तिची सांगड घालतात.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द वाग्भटाचा आहे. वायूमुळे ओठ दुभंगतो अशा विकाराला अष्टांगहृदयात 'खण्डौष्ठ' हे नाव आहे, आणि चिकित्सेच्या अध्यायाचा आरंभच त्याच्या उपचाराने होतो. दुभंगाच्या दोन्ही कडा खरवडाव्यात, मग शिवण घालावी आणि पुढे व्रणाप्रमाणे उपचार करावा, असे त्याचे सांगणे आहे. कडा ताज्या केल्याखेरीज त्या सांधत नाहीत, हे तत्त्व आजच्या शस्त्रक्रियेतही कायम आहे. हा दुभंग जन्मजात की आघाताने झालेला, याचा भेद वाग्भट येथे करीत नाही. त्याची दृष्टी कारणापेक्षा दुरुस्तीवर आहे.

तथापि या शास्त्रात एक फट राहिली. वाणीचे दोष सुश्रुताने मुखरोगांत घातले नाहीत. न बोलणारा 'मूक', नाकातून बोलणारा 'मिन्मिन' व अडखळत बोलणारा 'गद्गद' हे तिघे वातव्याधींच्या प्रकरणात येतात. शब्द वाहणाऱ्या धमन्या कफयुक्त वायूने व्यापल्यामुळे हे दोष होतात, अशी त्यांची उपपत्ती आहे. म्हणजे टाळूचा विचार एका अध्यायात झाला आणि नाकातल्या उच्चाराचा दुसऱ्या अध्यायात. दुभंगलेली टाळू व गेंगाणा उच्चार यांचा कार्यकारणसंबंध जुळावयास हवा होता, तो या विभागणीत जुळला नाही.

शिक्षाग्रंथांचा मार्ग याहून वेगळा होता. वेदपठणाच्या शुद्धतेसाठी झटणाऱ्या या ग्रंथांनी उच्चार व अवयव यांचे नाते फार बारकाईने ओळखले. दात पुढे आलेला, ओठ लोंबणारा, अस्पष्ट बोलणारा, नाकातून बोलणारा, अडखळणारा आणि 'बद्धजिव्ह' असा मनुष्य वर्णोच्चारास पात्र नाही, असा निर्णय शिक्षावाङ्मयात आढळतो. जखडलेल्या जिभेला नेमके नाव देणारे हे वाङ्मय आहे. पण त्या नावाचा उपयोग त्याने वगळण्यासाठी केला. वैद्याजवळ शस्त्र होते, पण वाणीदोषाची सांगड अवयवाशी नव्हती. शिक्षाकाराजवळ ती सांगड होती, पण उपचाराची दृष्टी नव्हती. दोन्ही परंपरा एकाच भूमीत शतकानुशतके नांदल्या, तरी या एका प्रश्नावर त्यांची भेट झाल्याचे दिसत नाही.

३

मराठीने अवयवांची नावे परंपरेने मिळविली. 'ओष्ठ' चा ओठ, 'जिह्वा' ची जीभ, 'तालु' ची टाळू, आणि 'प्रतिजिह्वा' ची पडजीभ, ही व्युत्पत्ती सरळ आहे. विकृतींची नावे मात्र या शास्त्रीय परंपरेतून आली नाहीत. खण्डौष्ठ, उपजिव्हिका, बद्धजिव्ह हे शब्द ग्रंथांतच राहिले. लोकभाषेने घेतलेले शब्द म्हणजे बोबडा, तोतरा, चाचरा, गेंगाणा. हे सर्व शब्द कानाने केलेले आहेत. ते ऐकू आलेल्या बोलण्याचे वर्णन करतात. तोंडात काय आहे याविषयी ते मौन पाळतात.

त्यांत 'बोबडा' या शब्दाची व्याप्ती सर्वांत मोठी. लहान मुलाचे बोल बोबडे असतात व ते गोड वाटतात; भीतीने माणसाची बोबडी वळते; आणि प्रौढ वयात 'र' न साधणाराही बोबडाच ठरतो. वात्सल्य, भय व व्यंग अशा तीन भिन्न क्षेत्रांत एकच शब्द वावरत असल्याने व्यंगाचे गांभीर्य वात्सल्यात विरून जाते. 'मोठा झाला की सुटेल' हे आश्वासन या शब्दातच दडलेले आहे. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरे ठरते, आणि म्हणूनच उरलेल्यांच्या बाबतीत ते घातक ठरते.

'टाळू' या शब्दाची अडचण निराळी आहे. मराठीत टाळू म्हणजे मुखाचे छत, आणि टाळू म्हणजे तान्ह्या मुलाच्या डोक्यावरील मऊ जागाही. आजी नातवंडाची टाळू तेलाने भरते ती दुसऱ्या अर्थाची. 'टाळू अजून भरली नाही' या वाक्याने कोणाही मातेच्या मनात डोक्यावरची जागाच उभी राहील, आणि ती काही महिन्यांत आपोआप भरून येते हे तिला ठाऊक असते. मुखातील टाळूचा दुभंग आपोआप भरून येत नाही. एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे वैद्य व माता एकमेकांशी बोलूनही निरनिराळ्या गोष्टी समजू शकतात.

नावांच्या जोडीला समजुती आल्या. ग्रहणकाळी गर्भवतीने काही चिरले वा शिवले तर मुलाचा ओठ फाटलेला निघतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र पसरलेली आहे. ती केवळ येथील नव्हे. मेक्सिकोतील आस्तेक लोकांतही ग्रहणाचा व फाटक्या ओठाचा असाच संबंध मानला जात असल्याची नोंद सोळाव्या शतकातील साहागून याने केली आहे. युरोपात याच विकृतीला सशाचे नाव मिळाले. फ्रेंच व जर्मन भाषांतील रूढ शब्दांत आजही ससा आहे, आणि गर्भवतीला ससा आडवा गेल्याची कथा त्या नावाला चिकटली. दात घेऊन जन्मलेले मूल अशुभ मानण्याची कल्पना काश्यपसंहितेच्या दंतजन्माविषयीच्या अध्यायाइतकी जुनी आहे; वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, हा महाराष्ट्रातील समज त्याच कुळातला. या सर्व समजुतींचा गाभा एकच : विकृतीचे कारण कोणाच्या तरी, बहुधा मातेच्या, वर्तनात शोधणे.

उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या जिभेला मधात उगाळलेले वेखंड लावण्याची चालही येथे लक्षात घ्यावयास हवी. वेखंडाचे संस्कृत नाव 'वचा'. बोलण्याशी जुळणाऱ्या या नावाचा व त्या उपचाराच्या श्रद्धेचा संबंध उघड आहे. मात्र जे मूल ऐकूच शकत नाही ते केवळ जीभ हलकी झाल्याने बोलू लागणार नाही. 'जीभ जड आहे' या शब्दप्रयोगाने अशा अनेक मुलांच्या बहिरेपणाकडे पाहण्याची दृष्टी जिभेवरच खिळवून ठेवली, असे म्हणणे भाग आहे.

४

अठराव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील एका शस्त्रक्रियेने जगाचे लक्ष वेधले. म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला, व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीट-मातीचे काम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळावरील त्वचेचा पडदा वळवून त्याला नवे नाक करून दिले. क्रूसो व फिंडले या मुंबई इलाख्यातील इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनमधील 'जंटलमन्स मॅगझीन' मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यावरून प्रेरणा घेऊन कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिचा वृत्तांत छापला. चेहऱ्याच्या पुनर्रचनेचे युरोपीय शास्त्र येथून वाढीस लागले.

ही क्रिया नाकाची असली, तरी प्रस्तुत इतिहासात तिला स्थान आहे. रुग्णाचे नाव राहिले, पाहणाऱ्यांची नावे राहिली, लंडनच्या वैद्याचे नाव राहिले. ज्याच्या हाताने ते नाक घडले त्या कारागिराचे नाव त्या वृत्तांतात नाही, आणि आपल्या क्रियेला तो कोणत्या मराठी शब्दाने ओळखत होता हेही कोणी नोंदविले नाही. कौशल्य होते, पण त्याची परिभाषा लिहिली गेली नाही. जे लिहिले जात नाही ते पुढच्या पिढीला शिकविता येत नाही.

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) बोबडा, तोतरा, पडजीभ, टाळू हे बोलीतील शब्द निष्ठेने टिपले, टाळूचे दोन्ही अर्थ त्यात आहेत. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघाले. दुसरीकडे संस्कृत वैद्यकग्रंथ छापले जाऊ लागले. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० मध्ये अष्टांगहृदय मुंबईत संपादून प्रसिद्ध केले, आणि यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी १९१५ मध्ये निर्णयसागर मुद्रणालयातून डल्हणाच्या टीकेसह सुश्रुतसंहिता काढली. अशा रीतीने एकाच शहरात लोकांचे शब्द कोशात, शास्त्राचे शब्द पोथीतून छापील ग्रंथात आणि पाश्चात्त्य शब्द रुग्णालयात गेले. स्वातंत्र्योत्तर काळात परिभाषा घडविण्याचे कार्य शासनाने अंगावर घेतले. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाली. मराठी वैद्यकीय लेखनात वाग्भटाचा 'खंडौष्ठ' परत आला व त्याच्या जोडीला 'खंडतालू' हा शब्द रुळला. रुग्णालयाच्या ओसरीवर मात्र 'फाटलेला ओठ' आणि 'क्लेफ्ट' हेच दोन शब्द ऐकू येतात.

५

आजच्या ज्ञानाप्रमाणे या विकृती कशा होतात, हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. गर्भाचा चेहरा निरनिराळ्या उंचवट्यांच्या सांधणीतून बनतो. वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधतो, तर टाळूचे दोन्ही बाजूंचे पडदे सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास मध्यरेषेवर मिळतात. ही सांधणी अपुरी राहिली म्हणजे दुभंग राहतो. साधारणतः ७०० ते १,००० जन्मांत एकदा हे घडते. आनुवंशिकता, गर्भारपणातील धूम्रपान, अपस्मारावरील काही औषधे अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. ओठाची घडण पुरी होते तेव्हा पुष्कळ स्त्रियांना आपल्या गर्भारपणाची नुकती कोठे कल्पना आलेली असते. ग्रहण पाळण्याचे निर्बंध बहुधा त्यानंतरचे असतात. विळी हातात घेतल्याने सांधलेला ओठ पुन्हा उसवत नाही.

ओठाचा दुभंग जन्मतःच दिसतो. टाळूचा दुभंग तोंड उघडून पाहिल्याखेरीज दिसत नाही. दूध नाकावाटे येणे ही त्याची पहिली खूण. कधी टाळूचे वरचे अस्तर अखंड असते व आतील स्नायू मात्र दुभंगलेले असतात. तेव्हा दोन टोकांची पडजीभ ही एकच बाह्य खूण राहते, आणि मूल बोलू लागेपर्यंत दोष लपून राहतो.

येथे मराठी वर्णमाला निदानाच्या उपयोगी पडते. अनुनासिक म्हणजे मुख व नासिका या दोहोंनी उच्चारला जाणारा वर्ण, अशी व्याख्या पाणिनीने अष्टाध्यायीच्या आरंभीच केली आहे. निरोगी मुखात मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते, म्हणून क, च, ट, त, प या वर्गांतील पहिली चार व्यंजने मुखातच कोंडलेल्या वायूच्या जोरावर उमटतात. टाळू दुभंगलेली असेल तर वायू कोंडला जात नाही. प्रत्येक वर्गाचे पाचवे व्यंजन शाबूत राहते आणि पहिली चार दुबळी होतात. 'बाबा' च्या जागी 'मामा' सारखा उच्चार ऐकू येतो. महाप्राणांची हानी विशेष होते. काही मुले तोंडातील स्पर्श साधत नाही म्हणून तो कंठात साधू पाहतात, व ही सवय शस्त्रक्रियेनंतरही वाणीोपचारावाचून जात नाही.

जखडलेल्या जिभेची परीक्षाही मराठीतच व्हावयास हवी. ट, ठ, ड, ढ, ण, ळ या मूर्धन्य वर्णांसाठी जिभेचे टोक उचलून मागे वळवावे लागते. इंग्रजी ध्वनींसाठी बनविलेल्या कसोट्यांत 'ळ' ला स्थानच नाही. परंतु 'ळ' ची परीक्षा घेण्यापूर्वी मुलाच्या घरात 'ळ' आहे की नाही हे विचारणे तितकेच आवश्यक आहे. कोळी बोलीतील मूल 'डोला' म्हणत असेल, पण त्याच्या तोंडी 'ट' व 'ड' स्वच्छ असतील आणि ओठाबाहेर काढलेली जीभ टोकाशी खाचली जात नसेल, तर तेथे दोष नाही; तेथे बोली आहे. घाटगे यांनी १९६३ पासून ग्रंथरूपाने आणलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचा असा व्यवहारोपयोग क्वचितच केला गेला आहे.

जखडलेली जीभ उच्चारास अडथळा आणू शकते, स्तनपानासही आणू शकते; पण ती भाषेचा आरंभ लांबवीत नाही. दोन वर्षांचे मूल एकही शब्द बोलत नसेल तर जिभेचा पडदा कापण्यापूर्वी त्याचे कान तपासले पाहिजेत.

निरुपद्रवी विशेषांचीही नोंद येथे करावयास हवी. जिभेवर नकाशासारखे सरकते लाल पट्टे, जिभेवरील भेगा, टाळूच्या मध्यावरचा हाडाचा उंचवटा, ओठांच्या आतील पिवळसर कण, या गोष्टी पुष्कळांच्या तोंडात असतात व त्यांना उपचार लागत नाहीत. त्यांना मराठीत रूढ नावे नाहीत. त्यामुळे पाहणारा घाबरतो, आणि घाबरलेला मनुष्य त्यांना हाताशी असलेले एकच नाव देतो : 'तोंड आले'.

६

'तोंड येणे' हा प्रयोग मुखरोगांच्या बाबतीत 'बोबडा' या शब्दासारखाच सर्वसमावेशक आहे. चार दिवसांत बरा होणारा साधा व्रण आणि आयुष्य ग्रासणारा विकार या दोहोंना तो सारखाच लागू पडतो. याचे मुंबईतीलच उदाहरण बोधप्रद आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्‌झ याने केनियातील पाच भारतीय स्त्रियांत मुखाच्या अस्तराचा एक विलक्षण विकार वर्णिला. १९५३ मध्ये मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानी यांच्या अस्तराखाली तंतू माजून त्या ताठर होतात, असे भारतीय रुग्णांवरून दाखविले आणि विकाराला नाव दिले. प्रथम तिखट सोसेनासे होते, मग अस्तर पांढुरके पडते, मग तोंड उघडेनासे होते. काही रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो. सुपारी हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे पुढील संशोधनाने सिद्ध झाले.

फली मेहता, पिंडबोर्ग व त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी करून १९७२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच पोटी मुखाचा कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांचा तंबाखूशी असलेला संबंध प्रत्यक्ष आकड्यांनी पुढे आला. २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. तथापि 'तिखट लागते, तोंड आले असेल' या वाक्याने आजही रोगाची पहिली महत्त्वाची अवस्था निघून जाते. बंदी वस्तूवर घालता येते. अपुऱ्या शब्दावर ती घालता येत नाही. त्याच्या शेजारी दुसरा, अधिक नेमका शब्द उभा करावा लागतो.

७

वाणीच्या विकृतींकडे स्वतंत्र शास्त्र म्हणून पाहण्याची सोय मुंबईत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात १९६६ मध्ये श्रवण व वाणी या विषयांचे शिक्षण सुरू झाले, आणि १९८३ मध्ये वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ महाराष्ट्रात पालघर येथे झाला. त्यात तपासावयाच्या ३० अवस्थांत दुभंगलेले ओठ व टाळू, श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांचा समावेश आहे. म्हणजे अंगणवाडीत व शाळेत जाऊन मुलाच्या तोंडात डोकावण्याची व्यवस्था आता आहे.

या व्यवस्थेला एका गोष्टीची जोड हवी. तपासणारा जेव्हा चारकोपसारख्या ठिकाणी मुलाला बोलावयास लावतो, तेव्हा त्याच्याजवळ दोन याद्या असाव्यात : एक अवयवांच्या दोषांची, दुसरी तेथील बोलींच्या उच्चारांची. पहिली यादी वैद्यकाने सिद्ध केली आहे. दुसरी सिद्ध करण्याची जबाबदारी भाषाशास्त्राच्या विभागांवर येते, आणि ती अद्याप पार पडलेली नाही. शिक्षाकारांनी अवयव व उच्चार यांचे जे नाते ओळखले आणि वाग्भटाने दुभंग शिवण्याची जी दृष्टी ठेवली, त्या दोहोंची भेट येथे होऊ शकेल. बद्धजिव्ह मुलाला पठणाबाहेर काढण्यासाठी जे ज्ञान एकेकाळी वापरले गेले, तेच ज्ञान त्याला वर्गात ठेवण्यासाठी वापरता येईल. आणि 'डोला' म्हणणाऱ्या मुलाला आपली जीभ निरोगी आहे, एवढे तरी निश्चितपणे सांगता येईल.